एक अक्षर जास्त

"तुमची टोपी पडली आहे."

ओदीलचा हात नकळत डोक्याकडे गेला. डोक्यावर रुमाल होता, तोही जागच्या जागी, भुरभुर पावसानं जरासा ओलसर झालेला. दुसऱ्या हातात बटाट्यांची पिशवी, काखेत कोबीचा गड्डा. हॉटेलच्या दारासमोर एक उंच माणूस मान मागे टाकून वर बघत उभा होता.

"तुमची नाही," तो वरून नजर न काढता म्हणाला, "तुमच्या ‘ओ’ची."

तिनं वर पाहिलं. दारावर तीच ती लांबलचक लाकडी पाटी – ‘बोनाल, ऑतेलिए’. बोनाल हे घराण्याचं नाव आणि ऑतेलिए म्हणजे हॉटेलचा मालक. त्या शब्दातल्या ‘ओ’च्या डोक्यावर एक टोकदार खूण असते, शाळेतली पोरं तिला टोपीच म्हणतात. वाऱ्यापावसानं तेवढाच रंगाचा पोपडा उडून गेला होता. दिवसातून वीस वेळा या पाटीखालून जायची ती, आणि तिला हे कधी दिसलंच नव्हतं.

"टोपी नसली तरी लोकांना वाचता येतं," ती म्हणाली.

"वाचता येतं. पण ‘ओ’ला थंडी वाजते, त्याचं काय?"

ओदीलनं ओठ घट्ट मिटले. अनोळखी माणसाच्या विनोदाला असं दारातच हसायचं नसतं.

"तुम्हाला खोली हवी आहे की तुम्ही टोप्या विकता?"

"दोन्ही," तो म्हणाला. आता कुठे त्यानं तिच्याकडे पाहिलं. डोळे करडे होते आणि एका भुवईवर निळ्या रंगाचा ठिपका वाळला होता. "ब्लेझ फाब्रेग. पाट्या रंगवतो. मस्यू बोनाल यांनी पत्र पाठवून बोलावलंय."

बाबांनी पेंटर बोलावलाय हे ओदीलला आत्ता कळत होतं. तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. गेली सहा वर्षं, आई गेल्यापासून, ती हेच तर शिकली होती. "या ना," ती म्हणाली आणि पायपुसण्याकडे बोट दाखवलं. "पाय मात्र पुसून."

ते एकोणीसशे त्रेसष्टचं वर्ष होतं आणि ऑक्टोबर अर्धा सरला होता. डोंगरावरच्या कुरणांतून गायी खाली आल्या होत्या, त्यांच्या गळ्यातल्या घंटा दिवसभर रस्त्यात वाजायच्या. सैं-ओब्रँ गावात या दिवसांत गिऱ्हाईक फारसं नसे. बारा खोल्यांपैकी चार भरलेल्या. ओदील सकाळी साडेपाचला चूल पेटवायची, चादरी बदलायची, मासळीवाल्याशी भांडायची, नळ गळला तर पान्हा घेऊन स्वतःच पलंगाखाली शिरायची. सत्तावीस वर्षांची होती. हॉटेलात जन्मली, हॉटेलात वाढली. तिचे वडील आन्सेल्म बोनाल मात्र गुडघ्यांनी दगा दिल्यापासून खिडकीशी बसून असत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत. पाटीवरचं नाव त्यांचं.

"पाटी का रंगवायची ते नाही सांगितलंत," तिनं त्या दुपारी त्यांना विचारलं.

"ईस्टरनंतर रेजिस येतोय." रेजिस हा त्यांचा पुतण्या, पॅरिसमध्ये एका मोठ्या हॉटेलात कामाला होता. "तो सांभाळील आता. नव्या माणसाला जुनी कळकट पाटी बरी नाही दिसत."

"अच्छा," ओदील म्हणाली. आणि बटाटे सोलायला गेली. त्या दिवशी झेलीनं – तीस वर्षं या घरात स्वयंपाक करणाऱ्या झेलीनं – तिच्या हातातून सुरी काढून घेतली, कारण साल कमी आणि बटाटा जास्त निघत होता.

*

ब्लेझनं पाटी खाली उतरवली, मागच्या गाडीखान्यात दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली आणि दोन दिवस नुसता खरवडत बसला. तिसऱ्या दिवशी पांढरा हात दिला. चौथ्या दिवशी ओदील त्याच्यासाठी कॉफी घेऊन गेली तेव्हा तो खडूनं माखलेली दोरी पाटीवर ताणत होता. टक्कन दोरी सोडली, की सरळ निळी रेघ उमटे.

"ते टोक धरता?"

तिनं कप ठेवून टोक धरलं. टक्क. दोघांच्या मध्ये एक सुरेख रेघ उमटली.

"आता एक सांगा," तो म्हणाला, "शब्द कुठवर न्यायचा?"

"म्हणजे?"

"म्हणजे, ऑतेलिए लिहायचं की ऑतेलिएर? मालक की मालकीण? बाईसाठी शेवटी एक अक्षर जास्त लागतं आणि एक तिरकी रेघ. अक्षरांची जागा मला आत्ताच मोजायला हवी. नंतर कोपऱ्यात एक अक्षर कोंबलं तर बिचारं आगंतुकासारखं दिसेल."

"होतं तसंच लिहा," ती म्हणाली.

"मी इथं चार दिवस आहे. मालक मला कुठे दिसले नाहीत, मालकीण मात्र पहाटेपासून दिसते."

"तुम्हाला पाट्या रंगवायला बोलावलंय ना?"

"हो. पण पाटीवर खोटं लिहायचं म्हटलं की हात थरथरतो माझा. मग रेघ वाकडी येते." तो हसत नव्हता. हातानं खडू झटकत होता.

"मग हात टेकायला काठी घ्या," असं म्हणून ओदील निघाली. दारात जाऊन थांबली... वळली नाही. "कॉफी गार होईल," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी तिला त्याचा राग आला होता. संध्याकाळी सूप वाढताना तिनं त्याला मुद्दाम पातळ सूप वाढलं. त्यानं ते संपवून बशी परत पुढे केली आणि म्हणाला, "रागाचं सूपही छान होतं तुमच्याकडे." पलीकडच्या टेबलावरचा शेतीच्या अवजारांचा विक्रेता खो खो हसला. ओदील स्वयंपाकघरात पळाली आणि झेलीच्या नजरेला नजर देईना.

"काय गं, गाल का लाल?"

"वाफेनं."

"वाफ तर माझ्याकडे आहे," झेली म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तिला हाक मारली. "मादमाझेल, जरा बाहेर या. शिडीवर चढाल?"

दारावरची पाटी निघाली होती, तिथं आता दगडी तुळई उघडी पडली होती. शेवाळ आणि जुना चुना यांच्या खाली काहीतरी कोरलेलं होतं. ब्लेझनं ओल्या कुंचल्यानं ते हलक्या हातानं साफ केलं होतं. ओदील तीन पायऱ्या चढली. तिच्या नाकासमोर अक्षरं होती, ओबडधोबड, एकमेकांना खेटून बसलेली. पुढचं नाव झिजून गेलं होतं, नंतरचा शब्द मात्र स्पष्ट होता.

"ऑ-स्ते-लिए..." तिनं बोटानं गिरवत वाचलं. "कोरणाऱ्याला लिहिता येत नव्हतं वाटतं. मध्येच हा ‘स’ कुठून आला?"

"तेव्हा असंच लिहायचे." तो खालून भुरभुर पावसात शिडी धरून उभा होता. "शब्दात ‘स’ होता. मग बोलता बोलता लोकांनी तो गिळला. दोन-तीनशे वर्षं कुणी उच्चारत नव्हतं, तरी लिहीत होते. शेवटी लिहायचंही सोडलं, आणि तो जिथं होता तिथं खूण म्हणून शेजारच्या ‘ओ’वर टोपी ठेवली."

"म्हणजे ती टोपी..."

"गेलेल्या माणसाची. घरात खुंटीवर राहते ना, तशी."

मागच्या दाराशी आईची गवती टोपी अजून लटकत होती. हे त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

"तुम्हाला एवढं सगळं कसं माहीत?"

"ल्योंला ज्यांच्याकडे शिकलो ते म्हातारे फार खडूस. शब्द कुठून आला ते सांगितल्याशिवाय शिडीवर चढू द्यायचे नाहीत. कसायाच्या पाटीपायी मी अख्खा आठवडा जमिनीवर होतो."

आता ती हसली. शिडी हलली, त्यानं ती घट्ट धरली. आणि उतरताना शेवटच्या पायरीवर दोघांचे चेहरे एका उंचीला आले, तेव्हा पाऊस थांबला आहे हे दोघांच्याही उशिरा लक्षात आलं.

त्या दुपारी झेली बहिणीकडे गेली होती. बाकीचे पाहुणे बाहेर. ओदीलनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याला जेवायला बसवलं, बटाटे आणि ताज्या चीजचा तवा समोर ठेवला आणि सवयीनं भिंतीला टेकून उभी राहिली.

"बसा ना," तो म्हणाला.

"तुमचं होऊ दे."

"मी चौदा वर्षं हॉटेलांत राहतोय. उभ्या माणसासमोर जेवायचा कंटाळा आलाय आता मला." त्यानं शेजारची खुर्ची पायानं मागे सरकवली. "आणि तसंही कोण कुणाचा पाहुणा, याची आपल्या भाषेलाच खात्री नाही. ‘ओत’ म्हणजे काय?"

"यजमान." तिनं विचार केला. "आणि पाहुणाही."

"एकच शब्द. जो दार उघडतो तो ओत आणि जो दारात उभा असतो तोही ओत. ऑतेलिए त्याच घरातला. इस्पितळसुद्धा त्याच घरातलं, सख्खं भावंड म्हणा. वाटसरू असो की दुखणाईत, दमून आलेल्याला अंथरूण द्यायचं, एवढाच मूळचा अर्थ."

ओदील बसली. तव्यातूनच दोघं खाऊ लागली. चीजच्या तारा लांबत होत्या, तुटता तुटत नव्हत्या.

"मग यजमानानं दमायचं कुठे?" तिनं अचानक विचारलं. आपण हे मोठ्यानं बोललो याचं तिलाच नवल वाटलं. "म्हणजे... तसं नाही... मला हे काम आवडतं. खरंच आवडतं. सकाळी नवीन चादर झटकली की जो आवाज होतो ना, तोसुद्धा आवडतो मला. पण मी आजवर एकदाही दुसऱ्याच्या हॉटेलात झोपले नाहीये."

"हे तुम्ही वडिलांना सांगितलंय?"

"दुसऱ्याच्या हॉटेलात झोपायचंय हे?"

"काम आवडतं हे."

तिनं तव्याच्या तळाशी लागलेली खरपूस पापडी खरवडली, अर्धी त्याच्याकडे सरकवली. तो पुन्हा विचारायला गेला नाही. तवा रिकामा झाला, आणि गंमत म्हणजे ओदीलला उठावंसं वाटलं नाही.

*

रविवारी आन्सेल्म खिडकीशी चेस्टनट सोलत बसले होते. ओदील त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. आवाज तिनं पाहुण्यांशी बोलताना लावायची तसा सरळ लावला.

"बाबा, पाटीवर ऑतेलिएर लिहायचंय. आणि ती मी असणार आहे. रेजिसला तसं कळवा."

आन्सेल्मचा हात थांबला. "या पाटीवर कायम ऑतेलिएच होतं, पोरी."

"कायम नव्हतं. दगडावर बघा, त्यात आणखी एक अक्षर होतं, ते गेलं. ते गेलं तेव्हा घर काही पडलं नाही. आता एक वाढलं तर पडेल?"

आन्सेल्मनी तिच्याकडे पाहिलं. खिडकीबाहेरून गायी जात होत्या.

"तू कधी म्हणाली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"विचारलं नाही, कारण..." त्यांनी हातातला चेस्टनट पुन्हा टोपलीत टाकला. "तुझी आई एकतीस वर्षं या घरात राबली. तिला समुद्र बघायचा होता. दर हिवाळ्यात म्हणायची, पुढच्या वर्षी. मीही म्हणायचो, पुढच्या वर्षी. ती गेली आणि तू तिचा ॲप्रन बांधलास. मला वाटलं, तू माझ्यापायी अडकलीस. रेजिसला बोलावलं ते तुला सोडवायला, पोरी. तुला हाकलायला नाही."

ओदीलचा सरळ लावलेला आवाज कुठल्या कुठे गेला. तिनं त्यांचे काळपट, चेस्टनटनं रंगलेले हात हातात घेतले. दोघांनी एकमेकांना वाचवायला किती दिवस चालवलेले हे प्रयत्न... आणि तेही किती मुक्यानं.

"मी अडकलेली नाही, बाबा," ती म्हणाली. "पण वर्षातून पंधरा दिवस दार बंद ठेवून मी जाणार. समुद्राला, नाहीतर आणखी कुठे. हे आत्ताच सांगून ठेवते."

"जा," आन्सेल्म म्हणाले. नाक ओढलं. "आणि त्या पेंटरला सांग, ते अक्षर कोपऱ्यात कोंबू नको म्हणावं. ऐसपैस लिही."

*

पाटी पुढच्या शुक्रवारी चढली. गडद निळ्यावर मलईच्या रंगाची अक्षरं. रस्त्यावर चार माणसं जमली, पोस्टमननं सायकल थांबवली. झेली म्हणाली, "छान. आता मला पगारवाढ बाईकडे मागायची की बापाकडे?" आणि डोळे पुसले.

आणि काम संपलं, तसा ब्लेझ निघाला. म्यूरा गावात एका बेकरीची पाटी रंगवायची होती. त्याच्या छोट्या गाडीत रंगांचे डबे भरून झाले. ओदील दारात उभी. हातात पाव, चीज आणि दोन सफरचंदं बांधलेलं फडकं.

"वाटेत खायला," ती म्हणाली.

"आभारी आहे."

तिला खूप काही बोलायचं होतं. त्या चार-पाच वाक्यांची तिनं सकाळी चादरी घालताना तयारीही केली होती. पण समोर निघालेला पाहुणा होता, त्याची बॅग गाडीत होती, आणि सवयीची वाक्यं किती पटकन तोंडात येतात...

"प्रवास सुखाचा होवो," ओदील म्हणाली. "पुन्हा या."

ब्लेझनं फडकं घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि मावळलं.

"हे तर तुम्ही सगळ्यांनाच म्हणता," तो हळूच म्हणाला.

गाडी वळणापलीकडे गेली. ओदील आत आली, सात नंबरच्या खोलीत गेली, त्यानं वापरलेली चादर ओढून काढली. झटकली नाही. नुसतीच धरून बसली.

*

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिनं पहिल्यांदा दार बंद केलं. बाबांना झेलीच्या हवाली केलं. आन्सेल्मनी विचारलं, "समुद्राला?" ती म्हणाली, "आधी म्यूराला." त्यांनी पुढे विचारलं नाही, पण बस सुटेपर्यंत खिडकीतून हात हलवत राहिले.

म्यूराला पोचली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि पाऊस तिच्याबरोबरच उतरला होता. बेकरीला शिडी लावलेली होती, शिडीवर कुणी नव्हतं. समोरच एक छोटं हॉटेल. ओदील आत गेली.

"खोली मिळेल?" हे वाक्य ती जन्मात पहिल्यांदा उच्चारत होती. ते इतकं अवघड असतं याची तिला कल्पना नव्हती.

मालकीणबाई गोलमटोल आणि बोलक्या होत्या. त्यांनी तिचा ओला कोट काढून घेतला, शेगडीजवळच्या टेबलाशी बसवलं, न विचारता कॉफी आणि गरम पाव आणला. ओदील ट्रे घ्यायला अर्धी उठली.

"बसा हो," बाई म्हणाल्या. "दमलेल्या दिसताय."

कुणीतरी तिला दमलेली म्हणालं होतं. ती कॉफीच्या वाफेत बघत राहिली, आणि म्हणून दार उघडून आत आलेला माणूस तिला आधी दिसलाच नाही.

"तुम्ही?" ब्लेझ म्हणाला. बोटांना पिवळा रंग, केसांत पाणी. तो दारातच थांबला होता. "इथे... कामानं?"

"राहायला."

"कुणाकडे?"

"इथेच, वरच्या खोलीत. बसा ना," ओदील म्हणाली. "मी सत्तावीस वर्षं इतरांना जेवताना बघतेय. आज कुणीतरी माझ्यासमोर बसायला हवंय."

तो बसला. बाईंनी दुसरा कप आणून ठेवला आणि काही सुचून लगबगीनं आत गेल्या.

"मला निरोप द्यायला शिकवलंय," ओदील म्हणाली. नजर कपावर होती. "लहानपणापासून. निघालेल्या माणसाशी कसं बोलायचं, हे अगदी पाठ आहे. पण... थांब म्हणायला नाही शिकवलं कुणी. आमच्या धंद्यात ते बसत नाही. त्या दिवशी मला ते म्हणायचं होतं. म्हणून आलेय." तिनं वर पाहिलं. "थांब, ब्लेझ."

पाऊस काचेवरून ओघळत होता. त्यानं ओली टोपी टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली, मांडीवर घेतली.

"मी चांगला पाहुणा आहे," तो सावकाश म्हणाला. "तीन आठवडे मला कुठेही चांगलं जमतं. त्यानंतरचं मला माहीत नाही, ओदील. चौथ्या आठवड्यात मी कसा असतो, हे मीच कधी पाहिलेलं नाही."

"मीही पाहिलेलं नाही."

"चिडका निघालो तर?"

"पातळ सूप मिळेल."

तो हसला. मग हसता हसता थांबला. "कामाला बाहेर जावं लागेल मला. पाट्या काही चालत माझ्याकडे येणार नाहीत."

"जा की. मीही कुठे रोज घरी असणार आहे? वर्षातले पंधरा दिवस मीसुद्धा पाहुणी." तिचा हात टेबलावर होता. त्याचा पिवळा झालेला हात त्यावर आला, संकोचत, जणू आधी जागा मोजून. "पण परतताना कुठे परतायचं, ते तुला माहीत असेल," ती म्हणाली.

"‘तू’ म्हणालीस मला."

"मघाशीच म्हणाले. तुझं लक्ष नव्हतं."

"होतं," ब्लेझ म्हणाला. "पुन्हा ऐकायचं होतं."

बाहेर पाऊस ओसरला तशी ती दोघं उठली. बेकरीवाल्याची शेवटची दोन अक्षरं राहिली होती, तासाभराचं काम. ब्लेझ शिडी चढला. ओदीलनं खालून शिडी दोन्ही हातांनी धरली आणि कोटाची कॉलर वर केली. पिवळा रंग ओल्या हवेत हळूहळू वाळत होता.

"उद्या सकाळी निघायचं?" त्यानं वरून विचारलं.

"उद्या नको," ती म्हणाली. "मी खोली आठवड्यासाठी घेतलीय."